सूर्यफुलांच्या गावी

विजेचं बिल आलं की मी आधी एकच ओळ शोधते : साइएने फुकाकिन. सौर, पवन वगैरे विजेसाठी प्रत्येक ग्राहकाने भरायची ही पट्टी. २०१२ मध्ये ती युनिटमागे ०.२२ येन होती, २०२५ च्या मेमध्ये ती ३.९८ येन झाली. चारशे युनिटांना जवळजवळ १,६०० येन! तुमच्याही बिलात असेलच, बघा.

हे पैसे जातात कुठे, ते ऑगस्टमध्ये अचानक दिसलं. लेकीला सूर्यफुलं दाखवायला आम्ही यामानाशीतल्या होकुतो शहरात, आकेनोला गेलो. शिंजुकूहून गाडीने निरासाकी, पुढे बस. जपानमध्ये भरपूर ऊन मिळणाऱ्या जागांत आकेनोचं नाव घेतात. एकीकडे यात्सुगाताके, ढग नसले तर लांबवर फुजीसान, मध्ये पिवळीधमक शेतं. पण खिडकीतून फुलांआधी दिसली ती काळीनिळी पॅनेल्स. भातखाचरांशेजारी, घरांच्या कुंपणाला लागून, झाडं तोडलेल्या उतारांवर.

सरकारने ठरलेल्या दराने ही वीज घ्यायची, या विधेयकाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ११ मार्च २०११ च्या सकाळी. त्याच दुपारी भूकंप आणि त्सुनामी. पुढे पंतप्रधान नाओतो कान यांनी पद सोडण्यासाठी हे विधेयक संमत होण्याची अटच घातली. १ जुलै २०१२ पासून सौर विजेला युनिटमागे ४२ येन मिळू लागले. घरांना दहा वर्षं, मोठ्या प्रकल्पांना वीस. एवढा दर म्हटल्यावर ऊन असलेल्या गावाकडे सगळे धावणारच. नंतर दर उतरत गेले, २०१९ मध्ये होकुतोने पॅनेल्ससाठी स्वतःचे नियमही केले. तोवर बरेच डोंगर बोडके झाले होते.

रस्त्याकडेला टोमॅटो विकणाऱ्या आजींशी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत गप्पा झाल्या. त्यांच्याही शेतात पॅनेल्स. आजोबा गेले, मुलगा तोक्योत, भात लावणार कोण? पैसे वेळेवर येतात म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, समोरच्या घराच्या माडीवर दुपारी झळाळी जाते, तेव्हापासून ते लोक बोलत नाहीत. चाळीस वर्षांचा शेजार. टोमॅटो मात्र दोन जास्तच घातले त्यांनी पिशवीत.

मला आमचा दहिवडीजवळचा माळ आठवत होता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तो भाड्याने द्यावा, असं बाबांच्या मनात आहे. उपकेंद्र जवळ, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. माणदेशी माळावर कुसळांपलीकडे काय उगवतं? दादाचा विरोध आहे, आणि दोघं महिनाभर फोनवर माझ्यामार्फतच बोलतायत.

रात्री फोन केला. म्हटलं, "बाबा, देऊ नका असं मी म्हणत नाही. पण इथे पॅनेल्स काढून टाकायच्या खर्चाची रक्कम आधीपासून बाजूला ठेवणं २०२२ पासून सक्तीचं केलंय. तुमच्या करारात काय लिहिलंय? मुदत संपल्यावर ते लोखंड, त्या काचा कोण उचलणार? आणि लगतच्या काकांना विचारलंत का?"

बाबा बराच वेळ गप्प.

"थांब," म्हणाले, "चष्मा आणतो. आणि दादाला पण बोलावतो, तो आहे इथेच ओसरीवर."