ओसरी आणि माजघर

आमचं खुलताबाद तटबंदीचं गाव. वेशीतून कुणीही आत येतं. कुणी औरंगजेबाच्या कबरीकडे जातं, कुणी भद्रा मारुतीला. पण गावात आला म्हणून कुणी थेट आपल्या माजघरात शिरत नाही. पाहुणा ओसरीवर बसतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. कोड लिहिताना तेवढं आठवलं नाही.

मामांचं इथे छोटं लॉज आहे. हनुमान जयंतीला संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत येतात, तेव्हा नोंदवहीचा गोंधळ व्हायचा. म्हणून मी बुकिंगचं वेब ॲप बनवलं आणि त्यात प्लगइनची सोय ठेवली. वर्डप्रेसमध्ये ती २००४ पासून आहे. तिथे एका प्लगइनला सगळ्या साइटचा डेटा हाताळता येतो, हे मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

मित्रानं बिल छापायचं प्लगइन लिहिलं. मी ते सरळ ॲपच्या पानातच चालवलं. महिन्याभरानं ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, तर पाहुण्यांची नावं आणि मोबाइल नंबर भलत्याच सर्व्हरकडे चालले होते. मित्राला पत्ताच नव्हता. त्यानं कुठूनतरी उचललेल्या तयार स्क्रिप्टचा तो उद्योग होता.

मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “लोकांनी नंबर मला दिला होता रे.” मग यादी घेऊन एकेकाला फोन लावत बसले. मी शेजारी बसून ऐकत होतो.

प्लगइन आता सँडबॉक्स लावलेल्या आयफ्रेममध्ये चालतं, तेही वेगळ्या डोमेनवरून. आधी मी ते माझ्याच डोमेनवर ठेवून ‘अलाऊ-स्क्रिप्ट्स’ आणि ‘अलाऊ-सेम-ओरिजिन’ अशा दोन्ही परवानग्या दिल्या होत्या. तसं केलं की आतला कोड स्वतःच सँडबॉक्स काढून टाकू शकतो. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली पाहुण्याच्याच हातात द्यायची!

आता प्लगइनला काही हवं असलं, तर ते पोस्टमेसेजनं मागावं लागतं. बिलाला खोली, दिवस आणि रक्कम पुरते. मोबाइल नंबर मागितला, तर ॲप नाही म्हणतं. जे दिलंच नाही, ते बाहेर जाणार कसं?

मित्र चिडला. “माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे. तू सोबत ज्याला आणतोस, त्याला मी ओळखत नाही.”

मामा ॲप पुन्हा वापरतात. मोबाइल नंबर मात्र अजून वहीतच लिहितात. मी त्यांना आग्रह करत नाही.