चुकलं हे ठोकळाच सांगतो

भिवंडीला खेटून असलेल्या शेलारमध्ये यंत्रमागांची खडखड कानांना सवयीची. मागवाल्याच्या घरात दीड वर्षाचं मूल असलं, की रिकामी कांडी त्याच्या हाती लागतेच. आडव्या धाग्याची ही लाकडी कांडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती. मूल ती निमुळत्या टोकावर उभी करतं, ती पडते. पुन्हा करतं, पुन्हा पडते. कधीतरी जाड बाजू खाली येते आणि कांडी उभी राहते. मूल टाळ्या पिटतं, आणि लगेच स्वतःच तिला पाडतं.

रचायच्या खेळण्याचं सगळं मर्म या पडण्यात आहे.

साधारण सव्वा वर्षाचं मूल दोन ठोकळे एकावर एक ठेवतं, दीड वर्षाचं तीन-चार, दोन वर्षांचं सहाच्या आसपास. ठेवण्याहून सोडणं अवघड. धक्का न लावता बोटं नेमकी वेळेवर उघडावी लागतात. रोमच्या सान लोरेंझो वस्तीत मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह उघडलं. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. सर्वांत मोठ्याच्या पोटात सर्वांत छोटे हजार मावतील. खोबणींत बसवायच्या लाकडी दट्ट्यांच्या संचात एक दट्ट्या भलत्याच खोबणीत गेला, तर शेवटी एक हातात उरतो आणि कुठेच बसत नाही. बाईंनी काही बोलायची गरज पडत नाही.

पण असली साधनं खेड्यातल्या बालवाडीला परवडायची कशी? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी हा प्रश्न मनाला लावून घेतला. 1945 मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हा भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यात, अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाडीचं काम उभं केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांपर्यंत नेलं. शिंपले, खडे, बिया, पानं: लहानमोठं लावायचं, रंगाप्रमाणे वेगळं करायचं साहित्य अवतीभवती पडलेलंच होतं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली; गुराख्यांसाठी थेट कुरणात. गुलाबी मनोऱ्याइतकीच थोर गोष्ट आहे ही.

सावंतवाडीच्या चितारआळीत आजही लाकडी फळं आणि भातुकली रंगवली जाते. जुनं लाकूड पांगाऱ्याचं, हलकं. दुकानातल्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, नोंदणीकृत हस्तकारागिरांना मात्र सवलत आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा तुकडा सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावला, तर तो नापास. घशात अडकू नये म्हणून.

भिवंडीच्या गोदामांतून महागडे लाकडी संच खोक्यांत बंद होऊन देशभर जातात. त्याच गोदामांबाहेर मोडक्या पॅलेटच्या फळ्या पडलेल्या असतात. शेलारच्या अंगणवाडीसाठी सुताराने त्यांतून ठोकळे कापले तर किती छान होईल! फक्त फळीवरचा शिक्का आधी पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मुलाच्या तोंडाजवळ जाता कामा नये. तेल सांडलेली, रसायनाचा वास येणारी किंवा शिक्काच नसलेली फळीही बाजूला टाकावी. उरलेल्या लाकडाचे पाच सेंटिमीटरहून मोठे तुकडे करावेत, खिळे काढावेत, कोपरे काचपेपरने गोल होईस्तोवर घासावेत, आणि रंग लावूच नये.