बहिणीला तारीख आहे

आमच्या बौद्धवाड्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलीत. बाप शाळेत नाव घालायला गेला, मास्तरनं जन्मतारीख विचारली, बाप म्हणाला, त्या साली पाऊस लई झाला होता. मास्तरनं एक जून टाकली. विषय संपला. माझीबी तीच तारीख. जन्माची नोंद करायचा कायदा १९६९ सालचा, पण आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला त्याला माझी धाकटी बहीण जन्मावी लागली. ती दवाखान्यात झाली. तिला कागद आहे. १९ नोव्हेंबर. आमच्या घरात खरी तारीख असलेलं पहिलं माणूस.

तर या १९ नोव्हेंबरला तिला सोळा पुरी झाली. केक नव्हता. वाड्यातली पोरं आता चौकात केक कापतात, भाऊंच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावतात. लावू देत. फ्लेक्सवर मी आजवर कुणाची लेक बघितली नाही, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

केकच्या जागी मामा आला. त्याच्या पोरासाठी हिला मागायला.

मामा वाईट माणूस नाही. जयंतीला निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं असतो. २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषदेत बाबासाहेबांनी पोरापोरींच्या लग्नाची घाई करू नका म्हणून बजावलं, हे मी पहिल्यांदा त्याच्याच भाषणात ऐकलं. अठरा वर्षांचा कायदाही त्याला पाठ आहे. म्हणून तर म्हणाला, आता नुसता साखरपुडा करून ठेवू, पोरगी घरातल्या घरात ऱ्हाईल. दोस्तांनो, असे मामा आपल्यातच आहेत, आपल्याच स्टेजवर आहेत.

मी बोलायला तोंड उघडलं. आईनं हातानंच गप बसवलं.

आई कांडी मशीनवर आहे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कांड्या भरायचं काम बहुतेक बायाच करतात. धोट्यात बसते ती कांडी. तिच्यावर आडवं सूत असतं, ते संपलं की माग थांबतो. कापड विणणारा गडी लोकांना दिसतो, कांडीवाली दिसत नाही. मजुरी भरलेल्या मालावर. आकडा लिहिणार दिवाणजी. आईला दिवसाचा आकडा तोंडपाठ असायचा, पण तोंडपाठाला पुरावा कोण म्हणतंय!

बहीण दहावीला गेल्यापासून रोज रात्री आईला विचारून तो आकडा वहीत लिहिते. तारीख, आकडा, आईचा अंगठा. अंगठा कशाला म्हणून विचारलं तर म्हणते, काम तिचं, सही तिची. गेल्या पावसाळ्यात पाच आठवड्यांचा मेळ बसेना. मी रात्रपाळी करून झोपलेलो. ही वही घेऊन एकटीच गेली. बस कुणी म्हटलं नाही. उभ्याउभ्याच तारीखवार वाचून दाखवलं. ८४० रुपये कमी पडले होते, ते मिळाले. तेव्हापासून शेजारच्या चार बाया रात्री येऊन आपले आकडे सांगून जातात.

१८५५ साली मुक्ता साळवेनं मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वय चौदाच्या आसपास. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. 'ज्ञानोदया'त छापून आला. आपण तिचं नाव भाषणात घेतो, आणि घरी येऊन वही धरून बसलेल्या पोरीला भांडी घासायला उठवतो.

आई म्हणाली, "दादा, तू जेव. जेवता जेवता ऐक. ही भाकरी करपवती. पाणी भर म्हटलं तर पुस्तक घिऊन बसती. उलटं बोलती, मलाबी सोडत न्हाई. तुज्या घरात दोन दिस टिकायची न्हाई. पर अठरा वर्सं मी कांड्या भरल्या, त्या कुटं लिवल्यात सांग. हिच्या बापानं न्हाई लिवल्या, मालकानं न्हाई. ह्यो माजा ल्योक गिरणीत जातो आन् माज्यावर कविता करतो, त्यात आईचे डोळे हाईत, हात हाईत, कांड्या किती ते न्हाई. हिनं लिवल्या. माजं काम हाय, ते हिच्यामुळं हाय. आता ह्या पोरीला मी कुणाच्या चुलीम्होरं बसवू?"

मी खाली बघून हसलो. बहीण गॅसपाशी पाठ करून उभी. आमच्यात लेकराचं तोंडावर कौतुक करत नाहीत, दिठ लागते म्हणतात. देव गेले, अंगारे गेले, हे मात्र अजून मुक्कामाला आहे. आईच्या तोंडून तिच्याबद्दल एवढं मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

"मग पोराला काय सांगू?" मामानं विचारलं.

"अकरावी शिकतीया म्हणून सांग. फुडल्या साली बारावी सांग."

मामा मुक्कामाला थांबला नाही. शेवटची एस.टी. गाठतो म्हणाला. जाताना बहिणीच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि पेन घे म्हणाला, ते मनापासून होतं.

आठ वाजता बाया आकडे सांगायला आल्या. त्यातली एक आपल्या सातवीतल्या पोरीला घेऊन आलेली. बहिणीनं वही तिच्यापुढं सरकवली आणि रकाने कसे आखायचे ते दाखवायला लागली. मी डबा उचलला. माझी पाळी भरायची होती.