मामूंचा रेडिओग्राम

लाकडी पेटीतल्या संगीताला शहरांतून पुन्हा दिवस आले आहेत. वर झाकण, आत तबकडी फिरवणारे यंत्र, दोन्ही अंगांना जाळीदार कापडामागे स्पीकर आणि खाली निमुळते चार पाय. आपण याला रेडिओग्राम म्हणायचो. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांचा खप सीडींच्या पुढे गेला. १९८७ नंतर हे प्रथमच घडले. आपल्याकडे 'सारेगामा'ने २०१७ मध्ये जुन्या रेडिओच्या रूपात पाच हजार गाण्यांचा 'कारवां' आणला. आता हौशी लोक सुताराकडून जुन्या घाटाची पेटीच करून घेतात.

नीरा-भीमेच्या संगमावरच्या आमच्या नरसिंहपुरात, मला आठवते तसा, एकच रेडिओग्राम होता. तो माझ्या मामूंचा. मुंबईच्या गिरणीतली नोकरी संपवून येताना त्यांनी आणलेला. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' असे. एरवी तबकड्या. 'अल हिलाल' या १९५८ च्या चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली हमखास लागायची. मिरजेत चिरविश्रांती घेणारे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ लागले की मामू कुणाला बोलू देत नसत. ओट्यावर आम्ही, कोळ्यांची पोरे, देवळाकडची मंडळी असे सगळेच दाटीवाटीने बसायचे. बायका आतल्या दाराच्या पडद्यामागे. रमजानमध्ये मात्र पेटीवर चादर पडायची.

मग कॅसेटी आल्या आणि ती पेटी गोधड्या ठेवायच्या कामी आली.

मामूंच्या पश्चात पुण्याचा एक व्यापारी ती बघून गेला. त्याला फक्त सागवानी सांगाडा हवा होता. आतले यंत्र काढून ब्लूटूथ बसवणार होता. किंमत बरी होती. मामेभावांच्या घरी लग्न ठरलेले, हात आखडलेला. सगळे 'हो' म्हणत होते.

माझा भाचा सुतारकाम करतो. तयार फर्निचर आल्यापासून त्याचे काम आटले होते; अलीकडे अशा दोन पेट्यांचे काम त्याला मिळाले. तो म्हणाला, "मामा, दिसायला सोपी, करायला अवघड. स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत पोचला की आवाज घुमतो. यंत्राखाली स्प्रिंग नाहीतर रबर द्यावंच लागतं." मामूंच्या पेटीवर हात फिरवून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पेटीचे पॉलिश लाखेचे, आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतही लाखच. माल एकच, एक झळकतो, दुसरा गातो.

मी मामींना विचारायला सांगितले. तोवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते. त्या म्हणाल्या, "बेचो नक्को. पैले मेरेकू बजाके दिखाव."

दुरुस्तीला दोन महिने लागले. व्हॉल्व्ह शाबूत होते. कपॅसिटर बदलले, तबकडी फिरवणारे रबरी चाक कडक झाले होते, तेही बदलले. जाड खाचेच्या तबकड्यांसाठी वेगळी सुई आणली. एल.पी.ची सुई त्यांना चालत नाही. लग्नाचा खर्च आम्ही भावंडांनी वाटून घेतला.

नव्या पेट्या घेणाऱ्यांची हौस पैशाची आहे, हे खरे. पेटी आणली म्हणून ओटा भरत नाही. आज घरात चार माणसे आणि चार कानांत चार गाणी. तरीही पेटीचा एक गुण मोबाईलला नाही. तिचा आवाज सगळ्या घराचा असतो. स्वयंपाकघरातल्या बाईलाही तो मिळतो. पण कोणते गाणे लावायचे, हे कोण ठरवणार? आमच्या घरी ते कायम ओट्यावर ठरले. पडद्यामागे तीस वर्षे ऐकणाऱ्या मामींनी त्या बटणाला कधी हात लावला नव्हता.

आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. मामींना मी विचारले, काय लावू? त्या म्हणाल्या, "तू बैठ. मैं लगाती."