सूर चिरकतो तेव्हा

चि. भाचीस,

क्लॅरिनेटवर खालच्या स्वरांतून वर चढताना सूर अवचित चिरकतो आणि त्याचे कारण ओठांची पकड ढिली असणे हे असावे, अशी जी शंका पत्रात आली आहे, ती बहुतेक नवशिक्या वादकांना येते आणि बहुतेकांना आडवाटेला नेते. कारण चिरकण्याच्या धास्तीने ओठ अधिकच आवळले जातात, आवळलेल्या ओठांत रीडचे कंपन कोंडते, आणि मूळ दोष बोटाखाली असेल तर तो जिथल्या तिथे राहून त्यात दुसऱ्या दोषाची भर पडते. म्हणून उपायाआधी या वाद्याचा स्वभाव समजून घेणे इष्ट.

रीड म्हणजे माउथपीसवर लिगेचर नावाच्या पट्ट्याने घट्ट बसवलेली पातळ पत्ती. ती अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच गवताच्या काडीपासून तासतात आणि दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांतातील काडी त्यासाठी विशेष नावाजलेली आहे. फुंकरीने ही पत्ती थरथरते, पण तिने किती वेगाने थरथरावे हे एरवी नळीतील हवेचा स्तंभ ठरवतो. ही नळी बहुतांशी सरळ, एकसारख्या व्यासाची असून रीडच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते आणि तिचे वेगळेपण याच रचनेत आहे. बासरी दोन्ही टोकांना उघडी आणि सनईची नळी निमुळती असल्याने त्या वाद्यांत खालच्या स्वराची उडी नेमकी वरच्या सप्तकात पडते. क्लॅरिनेटमध्ये मात्र खालचा षड्ज धरला असता उडी तार षड्जही ओलांडून त्याच्या वरच्या पंचमावर जाते. ही उडी हवी तेव्हा घेता यावी म्हणून नळीच्या वरच्या भागात एक बारीक छिद्र असते आणि डाव्या अंगठ्याच्या कळीने, म्हणजे रजिस्टर कीने, ते उघडले जाते. न्यूरेंबर्गचे वाद्यकार योहान क्रिस्टोफ डेनर यांनी 1700 च्या सुमारास शालुमो या जुन्या वाद्यातून क्लॅरिनेट घडवले असे मानले जाते, आणि त्या वाद्याला वरच्या स्वरांचे दार या कळीमुळेच खुले झाले.

चिरकण्याचे मर्म याच छिद्रात आहे. हवा निसटण्याची एवढीशी वाट हेतुपूर्वक उघडली की वरचा स्वर लागतो. तशीच वाट एखाद्या नीट न टेकलेल्या बोटाखाली नकळत उघडी राहिली, तर नळी ती आज्ञाच समजते आणि भलत्याच वरच्या स्वरावर उडी घेते. सर्वाधिक संशय घ्यावा तो उजव्या हाताच्या अनामिकेचा, कारण ते बोट दुबळे असते आणि करंगळी कळीकडे वळली की सोबत तेही किंचित उचलले जाते. छिद्र बोटाच्या टोकाने नव्हे तर गराने झाकावे लागते. वादन थांबवून लगेच बोटे पाहिली असता प्रत्येक गरावर छिद्राचे पूर्ण वर्तुळ उमटलेले दिसले पाहिजे, अर्धवट कोर दिसली तर गळतीची जागा सापडली. तर्जनीचा ओझरता स्पर्श बाजूच्या कळीला झाला तरी परिणाम तोच होतो.

बोटे निर्दोष असूनही सूर फुटत असेल तर कळींखालच्या पॅडकडे वळावे. पॅड आणि छिद्र यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी धरून कळ मिटली व पट्टी हलकेच ओढली, तर सगळीकडून सारखा अडथळा जाणवायला हवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेने लाकूड आणि रीड दोन्ही फुगतात, त्यामुळे त्या महिन्यांत ही तपासणी अगत्याची. लग्नाच्या बँडमध्ये उन्हातान्हात झिजलेली वाद्ये वाजवणाऱ्या वादकांना चिरक्या सुरासाठी जो बोल लावला जातो, तो पुष्कळदा त्यांच्या वाद्याच्या जुन्या पॅडला लावायला हवा, आणि हा अन्याय लक्षात घेतला जात नाही हे खेदाचे आहे.

ओठांचा दोष मुळीच नसतो असे मात्र नाही. रीडला स्वतःचीही एक कंपनगती असते, ती सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांच्या घरातील, आणि खालच्या ओठाची मऊ गादी तिला दाबून ठेवते म्हणूनच रीड नळीचे ऐकते. विल्सन आणि बीव्हर्स या संशोधकांनी 1974 साली प्रयोगाने दाखवले की हा दाब पुरेसा नसेल तर रीड नळीला जुमानत नाही आणि स्वतःच्या गतीजवळ वाजू लागते. माउथपीस तोंडात फार आत घेतले की नेमके हेच घडते, आणि फार कमी घेतले की आवाज घुसमटतो. ओठाची योग्य जागा शोधण्यास रीड आणि माउथपीस यांच्या फटीत बाजूने कागद सरकवून तो जिथे अडतो तिथे खूण करावी. खालच्या दातांवर दुमडलेला ओठ साधारण त्या रेषेवर यावा.

रीडचे टोक टवके उडालेले किंवा कोरडेपणाने लाटेसारखे वाकलेले नसावे आणि ते माउथपीसच्या टोकाशी सरळ जुळावे. नवशिक्याने दोन ते अडीच क्रमांकाची रीड वापरणे श्रेयस्कर.

खालच्या स्वरांतून वर चढतानाच्या ज्या वळणाचा पत्रात उल्लेख आहे, ते या वाद्याचे सर्वांत अवघड वळण होय. पाश्चात्त्य लेखनातील मधला बी फ्लॅट डाव्या हाताच्या दोन बोटांवर वाजतो, बाकी नळी जवळजवळ सगळी उघडी. त्याच्या लगेच वरचा बी मात्र जवळजवळ सगळी छिद्रे एकाच क्षणी झाकून मागतो, आणि एखादे बोट निमिषभर मागे राहिले तरी सूर फुटतो. त्यामुळे खालचे ए आणि बी फ्लॅट वाजत असतानाच उजव्या हाताची बोटे आपापल्या छिद्रांवर टेकवून ठेवण्याची सवय लावतात. त्या स्वरांवर याचा फारसा परिणाम होत नाही आणि पुढचे काम अर्ध्याहून हलके होते.

एक अभ्यास मात्र रोज व्हावा. सगळ्यांत खालचा ई सावकाश, एका फुंकरीत धरावा आणि वादकाला न सांगता जवळच्या कोणी, आईने किंवा धाकट्या भावाने, रजिस्टर कळ हलकेच दाबावी. ओठ, श्वास आणि बोटे जशीच्या तशी राहिली तर हाच ई वर जाऊन तो अवघड बी होतो, आणि एकही स्नायू न आवळता तो लागलेला कानांनी ऐकला जातो.

 

मामा