रिपोर्ट निल

आमच्या माण तालुक्यात इंग्रजीतले काही शब्द असे रुळलेत की मराठीच वाटावेत. त्यातला एक 'निल'. तपासणीत काही सापडलं नाही की 'रिपोर्ट निल आला' म्हणायचं आणि देवापुढं नारळ फोडायचा. २०१६ साली माझा निल आला तेव्हा आमच्याही घरी नारळ फुटला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत पोटात तीच कळ आली आणि मी टमरेल उचललं.

आधीचं थोडक्यात सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात मला आव पडायला लागली, मग रक्त. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं, रात्रीही उठावं लागायचं. गावात अमिबाच्या गोळ्या झाल्या, बेलाचा मुरंबा झाला, डाळिंबाच्या सालीचा काढा झाला. वजन चौदा किलोनं उतरलं. शेवटी पुण्याला नेऊन दुर्बीण घातली. आदल्या दिवशी पावडर कालवलेलं खारट पाणी लिटरच्या लिटर पाजतात. ते ज्यानं प्यालंय त्याला पुढचं सांगायला नको. मोठ्या आतड्याला आतून जखमा निघाल्या. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची राखण करणारी शक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, असा तो प्रकार. सुरुवातीला स्टिरॉइड, मेसालामीनच्या गोळ्या, रात्री झोपताना एनिमा. चार वर्षांत जखमा भरल्या, आणि मग ती निल दुर्बीण.

रक्त थांबलं होतं, वजन परत भरत होतं, रात्रीची झोप लागत होती. पण सकाळचे तीन-चार फेरे, पोटातली गुडगुड, आणि 'आत्ताच्या आत्ता' अशी येणारी कळ, हे कुठं गेलंच नाही. एसटीत बसायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे. दहिवडीहून साताऱ्याला जायचं तर मी आदल्या रात्री जेवत नसे.

जखमा दिसत होत्या तोवर सगळं घर माझ्या बाजूनं होतं. रिपोर्ट निल आला आणि माझा आजारीपणाचा हक्कच गेला. आमच्याकडं विहिरीवर थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थोरला एकदा म्हणाला, "आबा, रिपोर्ट निल हाय न्हवं? मग आज रातचं दारं धरायला तुमी जावा की." पोरगा वाईट नाही. चार वर्षं त्यानं एकट्यानं रात्रपाळी काढली होती, त्याचंही अंग आंबलं होतं. मी गेलो. कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलं आणि दर अर्ध्या तासाला खोरं टाकून अंधारात बांधाकडं पळत होतो. सकाळी दोन वाफे फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलेलं. थोरला काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

आमची मंडळी मात्र कधी 'निल' म्हणाली नाही. माझी धोतरं तीच धूत होती, तिला रिपोर्ट वाचायची गरज नव्हती.

ज्या डॉक्टरनं निलचा कागद हातात दिला, तो म्हणाला, "आता सगळं मनाचं आहे. टेन्शन घेऊ नका." मला ते पटलं नाही. विहिरीवरची मोटार वारंवार ट्रिप होते म्हणून वायरमन बोलवावा, त्यानं थंड मोटारीला मीटर लावून 'वायंडिंग ओके' म्हणावं आणि पैसे घेऊन जावं. लोड आला, मोटार तापली की ती पुन्हा ट्रिप. म्हणून मीटर खोटा नसतो. त्यानं जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलेलं असतं. दुर्बिणीला जखम दिसते, सूज दिसते. आतडं हलतं कसं आणि त्याला दुखतं किती, हे तिला दिसत नाही.

हे मला पुढं एका डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. रात्री झोपेतून उठावं लागतं का? रक्त? ताप? वजन उतरतंय का? सगळ्याला नाही म्हटलं. मग मलाची एक तपासणी करवली, कॅलप्रोटेक्टिन नावाची. आतड्याला सूज असली की तो आकडा वाढतो. माझा कमी आला. म्हटलं, हाही निलच! त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, घरात चोरी होऊन गेली की कुत्रं पाचोळा वाजला तरी भुंकतं. चोर नाही हे खरं, पण कुत्रं भुंकतंय हेही खरंच आहे." आतड्याला स्वतःच्या नसांचं मोठं जाळं असतं. जखमा भरल्या तरी त्या नसा हुळहुळ्या राहतात, आणि असे पेशंट बरेच असतात, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो, डोळे पुसत.

त्यांनी एक वही करायला लावली. काय खाल्लं, किती वाजता, पुढं काय झालं. तीन महिन्यांत वहीनं माझी पोटाची पंचांगं उघडली. ज्वारीची भाकरी चालते, सलग दोन वेळा चपाती झाली की पोट फुगतं. कच्चा कांदा आणि लसूण चटणी हे वैरी. आयुष्यभर कांदा पिकवणाऱ्यानं हे लिहिणं म्हणजे गंमतच. दूध नको, ताक थोडं चालतं. अर्थात ही माझ्या पोटाची यादी आहे, तुमच्या नव्हे. आणि एक गोष्ट अशी निघाली की गावाला जायच्या दिवशी, काही न खाताही, फेरे दुप्पट.

त्यावर त्यांनी झोपताना घ्यायची एक बारीक गोळी दिली. थोरल्यानं मोबाईलवर नाव टाकून बघितलं आणि घरात कालवा झाला, "आबा, ही तर डिप्रेशनची गोळी हाय!" म्हणजे वेड्याची, असा सगळ्यांनी अर्थ लावला. मी त्याला घेऊन मॅडमकडं गेलो. मोठ्या डोसात ते औषध मनासाठी देतात, एवढ्याशा डोसात ते आतड्याच्या नसा शांत करतं, हे त्यानं त्यांच्या तोंडून ऐकलं. त्यांनी त्याला आणखी दोन गोष्टी बजावल्या. निल आला म्हणून मेसालामीन स्वतःहून बंद करायची नाही. आणि आजाराला आठ-दहा वर्षं झाली की ठरावीक काळानं दुर्बीण घालायची, कारण अशा आतड्यात कॅन्सरचा धोका वाढतो. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रातचं पाणी मी बघतो."

कळ थांबली असं नाही. चार फेऱ्यांचे दोन झाले, आणि आता कळ येते तेव्हा थोडी सवड देते. माउलींच्या पालखीत मी पंचवीसेक वर्षं फलटणपासून चालायचो, ती वारी २०१२ ला सुटली होती. २०१९ ला नातेपुत्यापासून पुढं चाललो. फिरती संडासं कुठं उभी आहेत ते आधी बघून ठेवायचं, दिंडीच्या ट्रकपासून लांब जायचं नाही आणि पंगतीत पिठलं आलं की हात जोडायचे. वाखरीच्या रिंगणाला मी उभा होतो.

यंदा थोरल्यानं विहिरीजवळ संडास बांधला. मला विचारलं नाही. "खुरपायला येणाऱ्या बायकांस्नी बरं पडंल," एवढंच म्हणाला. बायका खूश आहेत. दाराला आतून कडी नाही ही त्यांची तक्रार आहे, ती बाजारादिवशी दहिवडीहून आणायची आहे.