पुस्तकात सापडलेलं दुखणं

बोट्सवानात राहणारी एक तरुण इंग्रज बाई वैद्यकशास्त्राचं पुस्तक उघडून बसली आहे. वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं तिला पानावर छापलेलं दिसतं: एंडोमेट्रिऑसिस.

या हिलरी मँटेल, पुढे दोनदा बुकर मिळवणाऱ्या कादंबरीकार. विद्यार्थिदशेत डॉक्टरांनी त्यांचं दुखणं मनाचं ठरवून मानसोपचाराची औषधं दिली होती. हे वाचताना आजही संताप येतो.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशांवर, आतड्यांवर वाढतात. सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणूनच नुसती पिशवी काढली की सुटका झाली, असं होत नाही. ऑपरेशनची तारीख ठरवताना विचारून घ्यावं: बीजकोश राहणार का? बाहेरच्या गाठींचं काय?

मँटेल यांचं ऑपरेशन १९७९ मध्ये लंडनला झालं. गर्भाशय गेलं, बीजकोशही गेले. वय २७. मूल हवं की नको, हा प्रश्नच उरला नाही. दुखणं मात्र परतलं. औषधांनी अंगलट इतकी बदलली, की आरशातली बाई अनोळखी वाटावी.

२००३ च्या आत्मकथनात त्यांनी कधीच न जन्मलेल्या मुलीबद्दल लिहिलं. तिला नाव होतं, कॅट्रिओना.